पाच म्हणजे एकशे एक? – दुसऱ्या पायात वाचल्या तरी मूळच राहणाऱ्या संख्या

निळीशाई (धागाकर्ती)

परवा रात्री लेकीचा कॉम्प्युटरचा गृहपाठ घेत बसले होते. सातवीत आहे. १ ते ३० या संख्या द्विमान पद्धतीत लिहायच्या होत्या (फक्त ० आणि १ हे अंक, पाया २: एक घर डावीकडे गेलं की किंमत दुप्पट). लिहून झाल्यावर ती मला वाचून दाखवत होती. डोळ्यांवर झोप होती, त्यामुळे "एक शून्य एक" म्हणायच्या ऐवजी सरळ म्हणाली, "पाच म्हणजे एकशे एक." आणि तिथेच थांबली. "आई, एकशे एक पण मूळ संख्या आहे ना गं?"

आहे. मग बोट वर सरकलं. तीन म्हणजे ११. तीही मूळ. दोघींची झोप उडाली आणि गृहपाठाच्या वहीच्या मागच्या पानावर आमचं वेगळंच काम सुरू झालं: मूळ संख्या घ्यायची, द्विमानात लिहायची आणि तेच अंक आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत (पाया १०) वाचायचे. ७ चे १११ झाले, ते ३ × ३७. ११ चे १०११, म्हणजे ३ × ३३७. १३ चे ११०१, म्हणजे ३ × ३६७. १७ च्या १०००१ ने खूप वेळ दमवलं. भाग जातच नव्हता, शेवटी ७३ ने गेला: ७३ × १३७. १९ चे १००११ पुन्हा तीनाने गेले. मग आले २३, म्हणजे १०१११. १०० च्या आतल्या पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकानेही भाग जाईना. त्या भागाकारांनी अख्खं पान भरलं आहे. ते पान मी फाडू दिलं नाही.

तर ३, ५ आणि २३ टिकल्या. २९ गेली (१११०१ = १७ × ६५३). माझं गणित बी.कॉम.पर्यंतचं. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काही टिकतात आणि काही नाही, यामागे काही कारण आहे का? आणि अशा संख्या कुठेतरी संपतात का?

खान्देशी

फार सुंदर धागा. लहानसा प्रोग्राम लिहून पुढच्या काढल्या. २३ नंतर ४७, ८९, १०१, १४९, १५७, १६३, १७३, १७९, १९९, २२९... अशी यादी चालते.

यात १०१ आहे ते बघा. ताई, तुमच्या लेकीचे ५ द्विमानात १०१ झाले. ते १०१ पुन्हा द्विमानात लिहिले की ११००१०१ होतात आणि ११००१०१ हीसुद्धा मूळ संख्या आहे. सलग दोन पायऱ्या. ३ चं तसं होत नाही. ३ चे ११ होतात, पण ११ चे १०११ झाले की साखळी तुटते.

उलट्या दिशेनेही पाहिलं. १०१११००१ दशमानात मूळ आहे, पण द्विमानात वाचली की १८५, म्हणजे ५ × ३७. म्हणजे एका पायातला मूळपणा दुसऱ्या पायात आपोआप जात नाही.

पाटीपेन्सिल

निळीशाई, तुमच्या वहीतल्या ७, ११, १३, १९ चारही तीनाने गेल्या. तो योगायोग नाही. त्या चौघींत १ हा अंक तीन-तीन वेळा आहे. शाळेतली तीनाची कसोटी आठवा: अंकांची बेरीज तीनाच्या पाढ्यात असेल तर संख्येला ३ ने भाग जातो. इथे अंक फक्त ० आणि १, त्यामुळे बेरीज म्हणजे १ किती वेळा आले तेवढंच. ते ३, ६, ९ असतील तर पुढे भागायचे कष्टच नकोत.

हीच कसोटी प्रत्येक पायाला असते. १० च्या पायात ती ९ साठी (म्हणून ३ साठीही) चालते, ८ च्या पायात ७ साठी, ६ च्या पायात ५ साठी. पायातून एक वजा केला की कसोटीची संख्या मिळते. यावरून मला एक मजा सापडली. ० आणि १ चीच एखादी रांग २ पासून १० पर्यंतच्या सगळ्या पायांत मूळ राहावी असं वाटत असेल, तर तिच्यात १ किती हवेत? ३ च्या पायासाठी ती मोजणी सम नको. ४ च्या पायासाठी तीनाच्या पाढ्यात नको, ६ च्या पायासाठी पाचाच्या आणि ८ च्या पायासाठी साताच्या. एकच १ असेल तर ती पायाची घातसंख्या होते, ते जमणार नाही. म्हणजे कमीत कमी अकरा वेळा १ हवा! त्याहून कमी असलेल्या सगळ्या रांगा एकही भागाकार न करता बाद.

१०१११ घ्या. चार वेळा १ आहे, म्हणून ३ च्या पायात ती सम होते. १०११११ मध्ये पाच. ती २ च्या पायात ४७, ३ च्या पायात २८३, ४ च्या पायात ११०९ आणि १० च्या पायात १०११११, चारही ठिकाणी मूळ. पण ६ च्या पायात हमखास ५ ने जाणार.

मधुमालती

वाचनखूण साठवली. सावकाश कागद-पेन घेऊन वाचणार.

अण्णा_सांगली

चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. पाटीपेन्सिल यांनी जे लिहिलं त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती मुलीला आत्ताच कळली तर पुढे फार उपयोगी पडेल. अंकांची रांग ही संख्या नसतेच. ती बहुपदी असते. अंक हे सहगुणक आणि पाया म्हणजे क्ष. १११ ही रांग म्हणजे क्ष² + क्ष + १. क्ष ला २ ही किंमत दिली की ७, ३ दिली की १३, ५ दिली की ३१, १० दिली की १११. आपण दहा बोटांमुळे क्ष = १० ला चिकटून बसलो आहोत, एवढंच.

हे मनात पक्कं झालं की काही रांगा आधीच ओळखता येतात. १००१ म्हणजे क्ष³ + १. आठवी-नववीतलं सूत्र: (क्ष + १)(क्ष² − क्ष + १). याचे अवयव पडतातच, म्हणून १००१ कुठल्याच पायात मूळ होणार नाही. द्विमानात ९ = ३ × ३, दशमानात ११ × ९१. आणि १०००१, ज्याने मायलेकींना दमवलं, ते क्ष⁴ + १. याचे पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडत नाहीत, म्हणून त्याला संधी असते. २ च्या पायात १७, ४ च्या पायात २५७, ६ च्या पायात १२९७, तिन्ही मूळ. पण १० च्या पायात बिचारी ७३ ने जाते.

लोकलप्रवासी

अण्णा, नमस्कार. मी डोंबिवलीकर, म्हणून हे सांगायलाच हवं. १२३२१ ही १११ चा वर्ग. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या ज्या डेमलो संख्या, त्यांच्या घराण्यातली. डेमलो हे नाव त्यांनी आमच्या डोंबिवली स्टेशनवरून घेतलं होतं. तुमच्या बहुपदीच्या नजरेने पाहिलं तर क्ष⁴ + २क्ष³ + ३क्ष² + २क्ष + १ = (क्ष² + क्ष + १)². म्हणजे १२३२१ ही रांग ४ पासून पुढच्या प्रत्येक पायात पूर्ण वर्गच राहते. लहानपणी हे वर्ग पाटीवर करताना ती दहाचीच गंमत वाटायची. तसं नाही हे आज कळलं.

शेवंता

माझ्या कामात १६ चा पाया रोजचा. म्हणून दशमानातल्या दोन अंकी मूळ संख्या १६ च्या पायात वाचून पाहिल्या. ११ → १७, १३ → १९, १७ → २३, २९ → ४१, ४३ → ६७, ४७ → ७१, ५३ → ८३, ५९ → ८९, ६१ → ९७, ६७ → १०३, ७१ → ११३, ८३ → १३१, ८९ → १३७, ९७ → १५१. एकूण २१ पैकी १४ टिकल्या! इतक्या कशा? द्विमानातून दशमानात येताना तर गळती फार होती.

अण्णा_सांगली

शेवंताताई, ज्या सात गळल्या त्या मांडा, उत्तर तिथे आहे. १९ → २५, २३ → ३५, ३१ → ४९, ३७ → ५५, ४१ → ६५, ७३ → ११५, ७९ → १२१. यांचे अवयव पाहा: ५, ७, ११, १३, २३. कुठेही २ नाही, ३ नाही.

का? १६ − १० = ६. दशक स्थानचा अंक १० ऐवजी १६ ने गुणला, म्हणजे संख्येत त्या अंकाची सहापट वाढली. सहाच्या पटीत वाढ झाली तर २ ने आणि ३ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. मूळ संख्येला २ ने, ३ ने भाग जात नव्हता, तो पुढेही जात नाही. तीन-चार अंकी संख्यांनाही हे लागू आहे, कारण अ² − ब², अ³ − ब³ या सगळ्यांना अ − ब ने भाग जातो. दोन पायांतला फरक हाच खरा कारभारी. २ आणि १० मध्ये फरक ८. तो फक्त सम-विषम सांभाळतो, ३ ला दार उघडं ठेवतो. म्हणून तिथे तीनाने एवढी कापणी केली.

मग मी फरक मुद्दाम २१० घेतला, म्हणजे २ × ३ × ५ × ७. पाया झाला २२०. आज दुपारभर वहीत केलं. १३ → २२३, २३ → ४४३, ४१ → ८८१, ६१ → १३२१, ९७ → १९८७... २१ पैकी १६ टिकल्या, आणि तेही संख्या वीसपट मोठ्या होऊन. ज्या पाच गेल्या त्या अशा: ११ → २२१ = १३ × १७, ३७ → ६६७ = २३ × २९, ७१ → १५४१ = २३ × ६७, ८३ → १७६३ = ४१ × ४३, ८९ → १७६९ = २९ × ६१. सगळ्यात लहान अवयव १३. त्याखालचा एकही आत शिरू शकला नाही.

लोकलप्रवासी

अण्णा, हे वाचून काल दुपारी फलाटावर उभा होतो. इंडिकेटरवर १:३७ दिसलं. मनात आलं, १३७ मूळ आहे. आणि एक तास सदतीस मिनिटं म्हणजे ९७ मिनिटं, तीही मूळ! घड्याळ म्हणजे ६० चा पाया, आणि मधलं टिंब काढून वाचलं की १०० चा. गाडी येईपर्यंत एक ते दोनमधली सगळी मिनिटं तपासली. दोन्हीकडून मूळ अशा फक्त पाच वेळा मिळाल्या: १:०१, १:०७, १:१३, १:३७, १:४९. फरक ४०, त्यामुळे २ आणि ५ सांभाळले जातात, ३ नाही. म्हणूनच या पाचही मिनिटांना ३ ने भागलं की बाकी १ च उरते. बाकी ० असेल तर मिनिटांची संख्या तीनाने जाते, २ असेल तर टिंब काढलेली जाते. तुमचा नियम फलाटावर उभ्या-उभ्या पडताळता आला याचा फार आनंद झाला.

खान्देशी

एक शंका. १००१ चे अवयव पडतात म्हणून ती कुठेच मूळ नाही, हे कळलं. पण एखादी संख्या दशमानात मूळ आहे आणि तरी तिच्या अंकांच्या बहुपदीचे अवयव पडतात, असं होऊ शकतं का? (क्ष − ९) सारखा अवयव असेल तर १० ला त्याची किंमत १ येईल. मग गुणाकार मूळ राहू शकतो ना?

पाटीपेन्सिल

नेमका प्रश्न! उत्तर: नाही होऊ शकत. हा आर्थर कोन यांचा प्रमेय, पोल्या आणि सेगो यांच्या १९२५ च्या ग्रंथात दिलेला आहे. दशमानातली कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्या अंकांच्या बहुपदीचे अवयव पडतच नाहीत.

सिद्धता सांगायचा मोह होतो आहे. (बहुपदीच्या 'मुळां'ना, म्हणजे क्ष च्या ज्या किमतींना ती शून्य होते त्यांना, इथे उकली म्हणते, नाहीतर मूळ संख्या आणि मुळं यांत घोटाळा होईल.) सहगुणक ० ते ९ इतकेच असल्यामुळे उकली फार लांब उजवीकडे जाऊ शकत नाहीत. प्रत्येक उकल एकतर शून्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेवर किंवा तिच्या डावीकडे असते, नाहीतर शून्यापासून ३.५४ च्या आत असते. म्हणजे १० पासून प्रत्येक उकल ६ पेक्षा जास्त दूर. आता बहुपदीचे दोन अवयव पडले असं समजा. क्ष = १० ठेवल्यावर त्यांचा गुणाकार मूळ संख्या येतो, म्हणून एकाची किंमत १ किंवा −१ असलीच पाहिजे. पण अवयवाची किंमत म्हणजे १० पासून त्याच्या उकलींच्या अंतरांचा गुणाकार, वर पहिला सहगुणक. प्रत्येक अंतर ६ हून मोठं, तर गुणाकार १ कसा होईल? संपलं. खान्देशी, तुमचा (क्ष − ९) इथेच अडतो: ९ ही उकल होऊच शकत नाही.

हाच हिशोब २ च्या पायात केला की ३.५४ च्या जागी १.६२ येतो. २ पासूनचं अंतर ०.३८ इतकंच उरू शकतं आणि वरचा युक्तिवाद कोसळतो. द्विमानाला वेगळी मेहनत लागते. ब्रिलहार्ट, फिलासेटा आणि ओड्लिझ्को यांनी १९८१ मध्ये सगळ्या पायांसाठी सिद्ध केलं. पुढे २००२ मध्ये कॅनडातले गणिती राम मूर्ती यांनी सोपी सिद्धता दिली, तीत उकलींचा हाच हिशोब आहे.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उकलींचा भाग मी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा समजला. आता लेकीचा प्रश्न उलटा झाला आहे. ती म्हणते, "एकच रांग धरून ठेवू आणि पाया बदलत जाऊ. १०१ किती पायांत मूळ असेल? कधी संपेल का?"

अण्णा_सांगली

पोरीने थेट मोठ्या दारावर थाप मारली आहे.

दोन अंकी रांगेचं उत्तर माहीत आहे. ३७ म्हणजे ३क्ष + ७. ८ च्या पायात ३१, १२ च्या पायात ४३, १८ च्या पायात ६१, २० च्या पायात ६७. ३ आणि ७ चा मसावि १ आहे, म्हणून अशा मूळ संख्या कधीच संपत नाहीत. हे डिरिक्ले यांनी १८३७ मध्येच सिद्ध केलं.

तीन अंक झाले की सगळं थांबतं. १०१ म्हणजे क्ष² + १. अशा रूपाच्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न लांडाऊ यांनी १९१२ मध्ये केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत ज्या चार प्रश्नांबद्दल "आजच्या घडीला हात पोहोचत नाही" अशा अर्थाचं म्हटलं, त्यांतला एक. तो आजही सुटलेला नाही. क्ष² + १ च नाही, अवयव न पडणाऱ्या एकाही वर्गबहुपदीसाठी हे सिद्ध झालेलं नाही. सर्वांत जवळ इवानिएक पोहोचले. त्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की क्ष² + १ अनंत वेळा मूळ असते किंवा फार तर दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. त्या दोनाचं एक करायचं राहिलं आहे.

१८५७ मध्ये बुन्याकोव्स्कींनी असा अंदाज मांडला की जिचे अवयव पडत नाहीत आणि जिच्या सगळ्या किमतींना एकच ठरावीक संख्या भागत नाही, ती बहुपदी अनंत वेळा मूळ किंमत देते; तो खरा ठरला तर मात्र फार सुंदर चित्र दिसतं. कोन यांच्या प्रमेयामुळे मूळ संख्येच्या अंकांच्या बहुपदीचे अवयव पडत नाहीत, आणि एखादी ठरावीक संख्या तिच्या सगळ्याच किमतींना भागते असंही होत नाही. मग दोन किंवा जास्त अंकांची प्रत्येक मूळ संख्या अनंत पायांत मूळ असायलाच हवी. या धाग्यातला प्रत्येक २३, प्रत्येक ४७.

खान्देशी

निळीशाईताईंच्या पहिल्या पोस्टमधला दुसरा प्रश्न राहिला होता: ३, ५, २३, ४७ ही यादी संपते का. हेही सिद्ध नाही. फक्त ० आणि १ अंक असलेल्या मूळ संख्या दशमानात अनंत आहेत एवढंसुद्धा कुणी सिद्ध केलेलं नाही. जेम्स मेनार्ड यांनी दाखवलं की कुठलाही एक अंक, समजा ७, अजिबात न वापरणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत. ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी एक अंक वगळला, आपण इथे आठ वगळतो आहोत. अंतर केवढं आहे ते यावरून कळेल.

निळीशाई

कालचं लिहिते. तिने १०१ साठी एक तक्ता केला, फक्त सम पाये घेऊन (विषम पायाला उत्तर सम येतं हे तिचं तिनेच ओळखलं). २, ४, ६, १०, १४, १६, २०, २४, २६, ३६, ४० या पायांत मूळ. त्यापुढे घसरण लागली. ४२ ला १७६५, ५ ने गेली. ४४ ला १९३७ = १३ × १४९. ४६ ला २११७ = २९ × ७३. ४८ पुन्हा ५ ने. ५० ला २५०१ = ४१ × ६१. ५२ परत ५ ने. सलग सहा गेल्यावर तिचा चेहरा उतरला. "आई, इथेच संपलं का गं?"

तोवर तिला एक गोष्ट दिसली होती. भाग जातो तो नेहमी ५, १३, १७, २९, ४१ अशांनीच. ३, ७, ११, १९ ने एकदाही नाही. अण्णांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते अशी मूळ संख्या क्ष² + १ ला कधीच भागत नाही, आणि ते सिद्ध झालेलं आहे. मग ५४ च्या पायातल्या २९१७ साठी सातच भागाकार उरले: ५, १३, १७, २९, ३७, ४१, ५३. पाचाने नाही. तेराने बाकी ५. सतराने १०. एकोणतीसने १७. सदतीसने ३१. एकेचाळीसने ६. त्रेपन्नने भागताना ती ओठ चावून बसली होती. बाकी २ उरली.

तिने २९१७ भोवती लाल पेनाने चौकोन काढला आणि शेजारी ५६ लिहून पुढचा भागाकार मांडला.